लाल दिव्याची दंतकथा: चांद्याच्या उन्हात शीट फिल्म कशी धुवावी

इतिहासप्रेमी तरुणांच्या बोलण्यात दोन विधाने वारंवार ऐकू येतात. पहिले असे: अमुक देवाची मूर्ती जुन्या छायाचित्रात काळीकुट्ट दिसते, म्हणजे त्या काळी तिच्यावर शेंदूर नव्हता. दुसरे असे: जुने लोक लाल दिव्याच्या उजेडात निगेटिव्ह धूत, तेव्हा आपणही घरी लाल दिवा लावून शीट फिल्म धुवावी. दोन्ही विधाने चुकीची आहेत. पहिल्याने इतिहास बिघडतो, दुसऱ्याने फिल्म बिघडते. आणि दोहोंच्या मुळाशी असलेले अज्ञान एकच आहे. आजचा धागा त्या अज्ञानाविरुद्ध आहे.

आधी माझाच अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी भामरागडच्या बाजूला एका गावात जुन्या गोटुलाचे कोरीव लाकडी खांब मी चार बाय पाच इंची कॅमेऱ्याने टिपले. गावातील जाणत्यांची परवानगी घेतली होती, पहाटेचा प्रकाश मिळाला होता, सहा शीट खर्च केल्या होत्या. चंद्रपूरला परत येऊन न्हाणीघरात लाल दिवा लावला आणि एकेक शीट मोठ्या भक्तिभावाने ताटलीत सोडली. सहाच्या सहा काळ्या झाल्या. फिल्म होती इल्फर्डची एचपी५ प्लस, म्हणजे लाल रंगासह सर्व रंगांना जागणारी. मी तिच्यासमोर लाल दिवा धरला, तो तिच्या दृष्टीने दिवसाढवळ्या खिडकी उघडण्यासारखाच होता. पुढच्या पावसाळ्यात ते खांब कुजून पडले व गावाने नवे गोटुल बांधले. गावाने आपले काम केले. मी माझे केले नाही.

म्हणून हा राग. पद्धत निवडणे ही आवडीनिवडीची बाब आहे, असे जे गोडगोड सांगितले जाते ते मला मान्य नाही. पद्धत कोणती, हे प्रथम फिल्म ठरवते, मग हवामान, मग घर. आवडीचा क्रमांक त्यानंतर.

फिल्मपासून सुरुवात करू. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली ओल्या कोलोडियनची रीत प्रसिद्ध केली. काचेवर लेप द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. विदर्भाच्या उन्हात त्याहूनही कमी वेळाचा. त्यामुळे छायाचित्रकाराला तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी यांचा सगळा संसार देवळाच्या दारापर्यंत न्यावा लागे. या लेपाला निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश कळे. पिवळा जेमतेम, लाल मुळीच नाही. तंबूला पिवळ्या-नारिंगी कापडाची खिडकी ठेवली तरी काच सुरक्षित राही, ती याच कारणाने.

आता मार्कंड्याकडे वळू. अलेक्झांडर कनिंगहॅमच्या १८७३ ते १८७५ च्या मध्य प्रांतातील दौऱ्याचा अहवाल पुरातत्त्व खात्याच्या मालेतील नववा खंड म्हणून छापला गेला. उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठच्या या मंदिरसमूहाचे वर्णन त्यात आहे. त्याचा सहायक जोसेफ डेव्हिड बेगलर त्याच सुमारास मध्य प्रांतात हिंडत होता आणि तो स्वतः छायाचित्रे काढीत असे. जिलेटीनच्या कोरड्या काचेची कल्पना रिचर्ड लीच मॅडॉक्सने १८७१ साली मांडली होती खरी, पण अशा काचा बाजारात रुळायला त्या दशकाची अखेर उजाडली. म्हणजे त्या पिढीच्या हातात कोलोडियनच होते. त्या काळच्या चित्रांतील आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे दिसते, ते साहेबाने निरभ्र दिवस निवडला म्हणून नव्हे. काचेला निळे आकाश प्रखर दिसे, ढग त्या प्रखरतेत बुडून जात.

आणि शेंदूर? नारिंगी-तांबडा शेंदूर हा लाल न पाहणाऱ्या काचेपुढे अंधारच असतो. मारुती असो, गणपती असो, गावाबाहेरचा दगडी देव असो. शेंदराने माखलेली मूर्ती अशा काचेवर काळी उमटते. तेव्हा जुन्या चित्रातील काळ्या मूर्तीवरून "शेंदूर नंतरचा" असा निष्कर्ष काढणे म्हणजे काचेच्या आंधळेपणाला पुरावा समजणे होय. मूर्तीवर तेव्हा शेंदूर असेलही, नसेलही. ते चित्र यावर साक्ष देऊच शकत नाही.

इथेच दोन्ही विधाने एकत्र येतात. ज्या काचेवर शेंदूर काळा दिसतो, तीच काच लाल दिव्यात निर्धास्त धुता येते. ज्या फिल्मवर शेंदूर उजळ राखाडी दिसतो, तिला लाल दिवा चालत नाही. या दोन ओळी भिंतीवर लिहून ठेवल्या असत्या तर माझ्या सहा शीट वाचल्या असत्या.

मधली पायरीही ध्यानात असू द्या. हेर्मान फोगेलने १८७३ साली रंगद्रव्य मिसळून लेपाला हिरव्याची जाण देता येते हे दाखवले. त्यातून पुढे ज्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा निघाल्या त्यांना हिरवे-पिवळे दिसू लागले, लाल मात्र नाही. सर्व रंग पाहणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा रॅटन अँड वेनराइट या कंपनीने १९०६ साली बाजारात आणल्या. दादासाहेब फाळक्यांच्या घरी दादरला सरस्वतीबाई रसायने कालवीत आणि फिल्म धूत, ती १९१२-१३ सालची गोष्ट. तेव्हा प्रचारात असलेली चित्रपटाची फिल्मही लालाला आंधळीच होती. चित्रपटांतून आणि माहितीपटांतून आपल्या मनात ठसलेला लाल दिवा त्या जगातला आहे. तो कागदावर प्रत काढताना आजही चालतो. आजच्या बहुतेक शीट फिल्मला चालत नाही.

आता दुसरा वाद. पँक्रोमॅटिक काच आली आणि डोळ्यांनी पाहत पाहत धुण्याची कला संपली, असे हळहळून सांगणारे लोक आहेत. त्या कलेचा डामडौल तिच्या आधीच उतरला होता. विड्नेसच्या रसायन कारखान्यात काम करणाऱ्या फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड या जोडीने १८९० साली मोजमापांसह दाखवून दिले की धुण्याच्या वेळेने निगेटिव्हचा एकूण कडकपणा बदलतो, पण प्रकाश-छायेच्या पायऱ्यांचा आपापसातला मेळ धुणाऱ्याच्या हातचलाखीने हवा तसा वळवता येत नाही. कलावंत मंडळी चिडली. पण पीटर हेन्री एमर्सनने १८८९ साली आपल्या ग्रंथात ज्या मतांचा हिरिरीने पुरस्कार केला होता, ती या शोधानंतर दोन वर्षांच्या आत मागे घेतली, आणि तीही काळ्या किनारीची पुस्तिका काढून, स्वतःच्या मतांचे सुतक पाळल्याप्रमाणे. जाहीरपणे चुकलो म्हणणारा वादपटू विरळा. मला तो त्यामुळेच आवडतो. तात्पर्य इतकेच की तापमान आणि वेळ यांवर भरवसा ठेवणे हा यंत्रयुगाचा रुक्षपणा नव्हे. निकाल घड्याळाचा; डोळे शिकण्यासाठी.

तर मग चंद्रपूर-गडचिरोलीत, घरी, कोणती रीत? प्रचलित रीती मोजक्याच आहेत. उघड्या ताटलीत हाताने धुणे. पोलादी चौकटीत शीट अडकवून उभ्या टाकीत बुडवणे. आत शीट धरणारा साचा बसवलेली बंद टाकी. आणि आडवे फिरणारे नळकांडे. माझे मत स्पष्ट आहे: आपल्याकडे आरंभ ताटलीनेच करावा, आणि बहुतेकांनी तिथेच थांबावे.

नळकांडे यंत्रावर फिरवायचे तर अखंड वीज हवी. उन्हाळ्यात ऐन संध्याकाळी वीज जाते हे मी एटापल्ली किंवा सिरोंच्याच्या वाचकाला सांगायला नको. शिवाय ही साधने परदेशातून यावी लागतात आणि एक रबरी कडे फाटले की महिनाभर काम ठप्प. बंद टाकीचा पक्ष अधिक बळकट आहे हे मान्य करतो: एकदा शीट आत गेल्या की बाकी सारे उजेडात. पण शीट आत घालायच्या कुठे? ज्याच्याकडे अंधारी खोली नाही तो काळ्या पिशवीत हात घालून त्या भरतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५-४६ अंशांवर असतो. पिशवीत पाच मिनिटांत हातांना घाम फुटतो, पिशवीच्या आत दमट वाफ धरते, आणि ओलसर बोटाचा ठसा जिलेटीनवर कायमचा उमटतो. ज्याच्याकडे अंधारी खोली आहे त्याला पिशवी नको. पण मग त्याला टाकीचीही तितकीशी निकड उरत नाही. बंद टाकीला रसायनही अधिक लागते. सहा शीटच्या साच्यासाठी सुमारे एक लिटर द्रावण करावे लागते; ताटलीत एका शीटला पाव लिटर पुरते.

ताटलीवरचा मुख्य आक्षेप ओरखड्यांचा, आणि तो खरा आहे. जाणकार लोक अंधारात पाच-सहा शीटची चळत हातात धरतात, तळची काढून वर ठेवतात, पुन्हा तळची वर, असे अखंड फिरवतात. नवख्याने हे करू नये. एका शीटचा कोपरा दुसरीच्या लेपात रुततो. एका वेळी एकच शीट घ्यावी. सहा शीटना सव्वा-दीड तास लागेल. लागू द्या. त्या प्रत्येक शीटवर कॅमेरा उभा करायला अर्धा तास गेलेलाच असतो.

अंधार म्हणजे पूर्ण अंधार. कवेलूच्या घरात दिवसा तो मिळत नाही, रात्री मिळतो. दाराच्या फटीला गोधडी लावा, दहा मिनिटे स्वस्थ बसा. हात दिसू लागला तर अजून फट आहे. शीटच्या एका कडेला खाचा असतात. शीट उभी धरून त्या वरच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात लागल्या की लेपाची बाजू आपल्याकडे असते. हे उजेडात एका वाया गेलेल्या शीटवर वीस वेळा करून पाहा. वेळ मोजण्यासाठी मी आपल्याच आवाजात मिनिटे मोजून ध्वनिमुद्रित केली आहेत. मोबाइल दाराबाहेर उशीखाली असतो, आवाज तेवढा आत येतो. हातात मोजे घाला, कारण मेटॉलने कित्येकांच्या त्वचेला खाज सुटते.

तापमानाचा मुद्दा मात्र सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तिथे आपल्या मंडळींनी युरोपचा अंश डोक्यावर घेतला आहे. सगळीकडे २० अंश लिहिलेले असते. तो तिथल्या खोलीचा अंश आहे, निसर्गनियम नव्हे. डी-७६ हे डेव्हलपर कोडॅकने १९२७ साली दिले. त्यात एचपी५ प्लस एकास एक पाणी घालून २० अंशांना ११ मिनिटे धुतात. २४ अंशांना तीच गोष्ट पावणेआठ मिनिटांत होते. आणखी तापले की वेळ पाच मिनिटांखाली घसरते, आणि तिथे संकट सुरू होते: शीटच्या एका कडेला द्रावण दोन सेकंद उशिरा पोचले तरी आकाशात पट्टा उमटतो. यावर उपाय बर्फ नव्हे. बर्फाने डेव्हलपर गार केले आणि धुण्याचे पाणी नळाचे ३४ अंशांचे राहिले, तर फुगलेले जिलेटीन धक्का खाते आणि त्यावर सुरकुत्यांची जाळी पडते. सगळी पाण्ये एका तापमानाला असणे हे २० च्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

आणि एका तापमानाचे पाणी आपल्या घरात शतकानुशतके आहेच: माठात. कोरड्या उन्हाळ्यात माठ आपोआप पाणी गार ठेवतो, तेही विजेशिवाय. डेव्हलपरची बाटली, हायपोची बाटली आणि धुण्याचे पाणी आदल्या रात्रीपासून एकाच रांजणाच्या पाण्यात ठेवा. सकाळपर्यंत सारी एका अंशावर येतात. तो अंश २५ निघाला तर २५ ची वेळ धरा. वेळ फार कमी होत असेल तर डेव्हलपर पातळ करा. १८९१ साली आलेले रोडिनल या कामी उत्तम. एकास पन्नास, एकास शंभर असे पातळ केले की वेळ पुन्हा हातात येते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने माठ फारसा गारवा देत नाही, पण तेव्हा पाणीही इतके तापलेले नसते. डिसेंबर-जानेवारीत तर पहाटेचे पाणी आयतेच २० च्या आसपास मिळते. मला विचाराल तर मे महिन्यात चित्रे काढा, शीट डब्यात बंद करून घरातल्या गार जागी ठेवा, आणि पावसाळा लागला की धुवा. उष्ण देशांतले जुने लोक डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून जिलेटीनचे फुगणे आवरीत, क्रोम तुरटीने ते कडक करीत. आजच्या फिल्म कारखान्यातूनच बऱ्यापैकी कडक होऊन येतात, त्यामुळे तो खटाटोप सहसा लागत नाही.

एक गोष्ट मात्र इतिहासाच्या नोंदीत यायला हवी, आणि ती कुणी घेत नाही. आपल्या जिल्ह्यांत शीट फिल्म हाताने धुण्याची परंपरा नव्हती, असे सर्रास म्हटले जाते. होती. संगणकावर एक्स-रे दिसू लागण्यापूर्वी तालुक्या-तालुक्याच्या दवाखान्यात एक अंधारी कोठडी असे, लाल दिवा असे, उभ्या टाक्या असत, आणि एक्स-रे टेक्निशियन पोलादी चौकटीत फिल्म अडकवून घड्याळ लावून ती धूत. फुप्फुसाचा डाग आणि हाडाची चीर त्या टाकीतून दिसायची. त्यातील कित्येकांनी आयुष्यात हजारो शीट धुतल्या असतील. कलेच्या इतिहासात त्यांचे नाव नाही, कारण त्यांच्या चित्रांत देऊळ नव्हते. अशा एखाद्या निवृत्त काकांना गाठा, नमस्कार करा, चहा घ्या आणि विचारा. चौकट हलवावी कशी, हायपो थकला हे ओळखावे कसे, हे ते तुम्हांला दहा मिनिटांत सांगतील. जमल्यास अडगळीत पडलेल्या चौकटीही देतील.

त्यांची फिल्मही आपल्या कामाची आहे. एक्स-रे फिल्म निळ्याला किंवा हिरव्याला जागते, लालाला नाही. म्हणजे गुणाने ती फोगेलनंतरच्या जुन्या काचेची भावंडच. सर्जिकल सामानाच्या दुकानात आठ बाय दहा इंची पेटी अजून मिळते. लाल दिव्यात एकीच्या चार शीट कापता येतात, धारकात बसण्यासाठी कडा किंचित कमी करून. ही ताटलीत, लाल दिव्यात, चित्र उमटताना पाहत धुता येते. ज्यांना लाल दिव्याची हौस आहे त्यांनी ती इथे खुशाल फेडावी. मात्र तिला बहुधा दोन्ही बाजूंना लेप असतो आणि तो मऊ असतो. ताटलीच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा, नाहीतर तळाच्या उंचवट्यांनी खालची बाजू खरवडते. वेग ५० ते १०० च्या दरम्यान धरून चाचणी घ्या. रोडिनल एकास शंभर, सहा मिनिटांपासून सुरुवात. फार कडक आले तर वेळ कमी करा.

वाळवण्याबद्दल थोडके. चंद्रपुरात कोळशाची आणि राखेची धूळ हवेतच असते. ओली शीट गच्चीवर टांगणे म्हणजे तिच्यावर वाळू पेरणे. न्हाणीघर धुऊन काढा, हवा खाली बसू द्या, मग तिथेच टांगा. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड. त्याचे पांढरे डाग वाळल्यावर राहतात. शेवटची बुडवणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्यावी, जे बॅटरीसाठी कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळते. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये.

"मोबाइल असताना हे कशाला?" हा प्रश्न येणार. मोबाइलने नोंद जरूर करा, मीही करतो. पण जुन्या छायाचित्रांवर लिहिणाऱ्याने निदान एकदा लालाला आंधळी असलेली फिल्म स्वतः धुतलेली असावी, एवढा माझा हट्ट आहे. मोडी न वाचता कागदपत्रांवर मत देणाऱ्याला आपण हसतो. काचेची लिपी न शिकता काळ्या मूर्तीवर मत देणाऱ्याला मात्र टाळ्या मिळतात.

प्रयोग सोपा आहे. जवळच्या शेंदूर लावलेल्या मारुतीसमोर, पुजाऱ्यांना विचारून, कॅमेरा एकाच जागी ठेवा. एक चित्र पँक्रोमॅटिक शीटवर घ्या, एक एक्स-रे फिल्मवर. पहिली शीट पूर्ण अंधारात धुवा, दुसरी लाल दिव्यात. दोन्हींच्या प्रती शेजारी ठेवा, आणि मागे घरात कुणी वडीलधारे असतील तर त्यांना काही न सांगता विचारा, या दोन मूर्तींपैकी शेंदूर कोणत्या मूर्तीला आहे. माझ्या आजीने क्षणाचाही विलंब न लावता पहिलीकडे बोट दाखवले, आणि दुसरी कोणत्या गावची म्हणून विचारले.